आउलिसला घरी आणताना

आउलिस माणसं विसरू लागला तेव्हा सिर्काला कुणी कळवलं नव्हतं. तो भाषा विसरला, तेव्हा फोन आला.

पन्नास वर्षं तो स्वीडनमध्ये होता. वेस्तेरोसच्या एका कारखान्यात उमेदीची वर्षं गेली, तिथलीच बायको केली, मुलगी झाली, बायको सोडून गेली. सत्तरीला टेकता टेकता डोकं दगा देऊ लागलं. आधी शेगडी चालू राहायची, मग मुलीचं नाव हरवलं, आणि एका हिवाळ्यात सगळी स्वीडिश भाषाच पुसून गेली. उरली ती आईच्या मांडीवर शिकलेली, सावो भागातल्या खेड्यातली फिनिश. वृद्धाश्रमात ती कुणाला येत नव्हती. तहान लागली तर तो पाणी मागायचा आणि त्याच्या पायात मोजे चढवले जायचे.

सिर्का, त्याची धाकटी बहीण, फिनलंडमध्ये तुर्कूला राहत होती. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, एकटी. तिने आपल्याच शहरातल्या आश्रमात भावासाठी जागा मिळवली, कागदपत्रं केली आणि जूनमध्ये त्याला आणायला निघाली. शेजारीण म्हणाली, तुझं काळीज मोठं. सिर्काला तसं काही वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरकडची वेळ पाळावी तशी ती निघाली होती.

खरं तर काहीतरी वाटायला हवं होतं. आउलिस स्वीडनला गेला त्या वर्षी ती बारा वर्षांची होती. सकाळी उठली तेव्हा त्याचा पलंग रिकामा होता आणि आई गोठ्यात पाठ फिरवून धारा काढत होती. वडील आधीच गेलेले. पुढे आई अंथरुणाला खिळली, तिचं अकरा वर्षं सगळं सिर्कानेच केलं. आई गेली तेव्हा आउलिसकडून फुलांचं चक्र आलं, सोबत दुकानाचं छापील कार्ड. त्याला सुनवायची वाक्यं तिने वर्षानुवर्षं घोळवून घोळवून गुळगुळीत केली होती. पण आता ज्याला सुनवायचं तोच जागेवर नव्हता.

स्टॉकहोमच्या धक्क्यावर अनिका, त्याची मुलगी, त्याला घेऊन आली होती. तिला फिनिश येत नव्हती. बापाने कधी शिकवलीच नाही. तिने त्याच्या कोटाची बटणं लावली, बॅग सिर्काच्या हाती दिली. सिर्काला शाळेतली मोडकी स्वीडिश आठवत होती, म्हणून अनिका सावकाश बोलली.

“मागच्या रविवारी चार तास बसले त्याच्यापाशी. तो बोलत होता, मी मान हलवत होते. काहीतरी चांगलं सांगत असावा.”

सिर्काने मान हलवली.

संध्याकाळी आठ वाजता तुर्कूची बोट सुटली. बाहेर उत्तरेकडच्या उन्हाळ्याचा लख्ख उजेड होता, लहान लहान बेटं आणि त्यांवरची लाल घरं मागे सरकत होती. जेवणघरात पन्नास पदार्थ मांडलेले, पण आउलिसने ताटात उकडलेले बटाटे आणि खारवलेला मासा एवढंच घेतलं. पावाचे दोन तुकडे रुमालात गुंडाळून खिशात घातले. इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं नाही अशी खात्री केली. सिर्काने पाहिलं आणि कॉफी ओतून घेतली. पलीकडच्या दालनात अकॉर्डियनवर टँगो वाजत होता, म्हातारी जोडपी गंभीर चेहऱ्याने नाचत होती.

“मावशी, तुम्हीपण कामाला निघालात का?” आउलिसने विचारलं.

आश्रमातल्या बाईने बजावलं होतं, त्याचं म्हणणं खोडू नका. तेव्हा सिर्का हो म्हणाली.

मग तो खुलला. गावचे तिघं आधीच स्वीडनला पोचलेत, पहिल्याच दिवशी हातमोजे आणि बूट मिळतात, खोलीत चौघं राहतात पण गरम पाणी नळाला येतं, असं सगळं तो सांगत सुटला. आवाज म्हाताऱ्याचा होता, घाई मात्र विशीतल्या पोराची.

सिर्काने विचारलं, “घरी कोण असतं?”

“आई. आणि धाकटी बहीण, बारा वर्षांची. तिला सांगितलं नाही मी.”

“का नाही सांगितलं?”

त्याने बटाट्याचं साल काट्याने ताटाच्या कडेला सारलं. “थांब्यापर्यंत आली असती ती. ती आली असती तर मी बसमध्ये चढलो नसतो. आणि घरात तर खायला नव्हतं, मावशी.” मग म्हणाला, “चिडली असेल.”

“चिडली असेल.”

“जाईल राग. लहान आहे अजून.”

सिर्का वाट बघत बसली. रडू येईल, निदान संताप तरी येईल. काही आलं नाही. कॉफी गार झाली आहे एवढं तिच्या लक्षात आलं. तिने ती तशीच पिऊन टाकली.

केबिनमध्ये तिने त्याचे बूट काढले, गोळ्या दिल्या, दिवा मालवला. मध्यरात्रीनंतर कधीतरी बोट वाटेतल्या ओलांड बेटाच्या धक्क्याला लागली तेव्हा तो उठून कोट घालू लागला, तिने परत निजवला. पाचाच्या सुमारास तिला जाग आली तेव्हा त्याचा पलंग रिकामा होता आणि दार सताड उघडं होतं.

ती अनवाणीच बाहेर आली. लांबलचक बोळ, दोन्हीकडे बंद दारं. आणि तिथे उभं असताना तिच्या मनात आलं की कठड्यावरून पडला असेल तर आता सगळं आटोपलं असेल. आश्रमाला कळवावं लागेल, अनिकाला कळवावं लागेल. हा विचार तिने धुण्याभांड्यांचा करावा तसा केला. मग जिना चढून वर गेली.

तो डेकवरच्या बाकावर बसला होता. शेजारी डेक झाडणारी बाई लांब दांड्याच्या झाडूवर हनुवटी टेकून त्याचं ऐकत उभी होती. “तुमचे हे लई गोड बोलतात,” ती म्हणाली. “मला म्हणतात, कारखान्यात ओळख निघाली तर तुमच्या पोरालापण चिकटवून देतो.”

“भाऊ आहे माझा,” सिर्का म्हणाली. तिच्या अंगात एकदम थंडी भरली. आउलिसने खिशातला पाव काढून एक तुकडा तिला दिला. वाळून कडक झाला होता. दोघांनी तो चावून चावून खाल्ला.

सातला तुर्कू आलं. उतरताना हमालाने आउलिसला फिनिशमध्ये “सांभाळून, काका” म्हटलं, टॅक्सीवाल्याने बॅग घेत हवापाण्याची चौकशी केली. आउलिस दर वेळी थबकून बघायचा.

“आपलीच माणसं दिसतात इथे सगळी,” तो गाडीत बसताना म्हणाला.

“बरीच आहेत,” सिर्का म्हणाली.

आश्रमातल्या परिचारिकेने भूक लागली का विचारलं. लागली, तो म्हणाला, राय धान्याची लापशी असेल तर चालेल. लापशी आली. सिर्काने त्याचे कपडे कपाटात लावले, औषधांची यादी दिली, सह्या केल्या. निघताना त्याने उठून तिचा हात हातात घेतला. आता माझं मी बघतो, तुम्हाला उगाच उशीर, असं म्हणाला.

घरी जाऊन ती कपड्यांनिशीच झोपली. उठल्यावर अनिकाला निरोप लिहायला बसली: पोचलो, जेवला, बरा आहे. तेवढं लिहून थांबली. मग फडताळातून शाळेतल्या वेळचा स्वीडिश शब्दकोश काढला आणि बोटीवर तो काय काय बोलला ते एकेक शब्द शोधत लिहू लागली. हातमोजे, गरम पाणी, गावचे तिघं. बहिणीच्या गोष्टीपाशी आली तेव्हा पेन बराच वेळ तसंच राहिलं. शेवटी तेही लिहिलं. पूर्ण व्हायला संध्याकाळ झाली.

गुरुवारी ती त्याला भेटायला गेली. त्याने ओळखलं नाही, पण बाजूची खुर्ची ओढून दिली. पुढच्या गुरुवारीही ती गेली.