पाझरबाबाची भिंत

"पाणी आलं! भिंतीला पाणी आलं!"

ओरडा ऐकून अख्खी वस्ती धावली. कुणी कडेवर पोर घेऊन, कुणी हातात तशीच खराट्याची मूठ धरून. गवंड्याच्या घराची मागची भिंत ऐन उन्हाळ्यात ठिबकत होती. भिंत आणि पाण्याची टाकी यांच्या मधल्या बोळकांडीत, लांबलचक झगा पसरून पाझरबाबा नावाचा एक बुवा बसला होता. भिंतीवरचा ओघळ तळहातावर घेऊन तो एकेकाच्या तोंडात सोडत होता.

"जिथे नळ यायला लाजतो, तिथे आपण येतो!" बाबा गरजला. "मातीला डोळे फुटलेत, माउली! घ्या. गुडघे, पोट, नवऱ्याचा राग, सगळं जाईल."

"माझा नवराच गेलाय रे," एक म्हातारी म्हणाली.

"मग तो परत येईल!"

"नको बाबा, तू आपलं गुडघ्यांचंच बघ."

लोक हसले आणि हसता हसता पायाही पडले. बाबासमोरची टोपली धान्याने भरत गेली.

नळाची लाइन या वस्तीपर्यंत पोचलीच नव्हती. लोकांनी न भाजलेल्या मातीच्या विटांची घरं स्वतः उभारली, पाण्यासाठी छपरांना पन्हळी लावल्या आणि दर चार घरांत एक टाकी बांधली. पावसाळ्यात भरायची, उन्हाळाभर पुरवायची. भिंती रचताना गवंडी प्रत्येकाला बजावायचा, "या मातीला पाणी लागू द्यायचं नाही हं. लागलं की संपलं." आणि आता तोच गवंडी छाती फुगवून सांगत होता, "माझ्याच भिंतीला पाझर फुटला. हाताला काहीतरी असल्याशिवाय होतं का?"

त्याच्या बायकोला मात्र आतून भिंत दिसत होती. वरच्या तुळईला पाळणा, पाळण्यात तापाने फणफणलेली लेक, चिमणी. तिने भिंतीला अंगठा लावला, तो लोण्यात जावा तसा आत गेला.

"अहो, भिंत मऊ पडलीय. टाकी तरी बघा एकदा."

"झाकण उघडलं तर देवी निघून जाईल म्हणालेत बाबा. तू गप्प बस."

"सूनबाई, माझा गुडघा वळायला लागलाय," सासूबाई म्हणाल्या. "नाट लावू नकोस."

ती आत वळली. चिमणीच्या कपाळावर ठेवायची पट्टी तिने वाडग्यात बुडवली आणि पोरीला पाजायला घेतलं. पट्टीचं एक टोक वाडग्याबाहेर लोंबत राहिलं. पाजून होईपर्यंत जमीन ओली आणि वाडगं अर्धं! ती त्या पट्टीकडे बघतच राहिली. मग चिमणीला पाळण्यात निजवून बाहेर आली आणि टाकीवर बोटांनी ठोकून बघितलं. टाकी पोकळ वाजली.

सगळ्यांसमोर तिने चौथऱ्यावर वाडगं ठेवलं, पट्टी तशीच लोंबती सोडली. थोड्या वेळात टोकाला थेंब धरला, पडला, दुसरा धरला.

"बघा, माझं वाडगंही रडायला लागलं," ती म्हणाली. "बाबा, जरा उठता का?"

"माझ्या पाठीशी देवी आहे!"

"तिलाच भेटायचंय."

कुणीतरी खुदकन हसलं. बाबा ताडकन उठला आणि उठता उठता पाठीमागे हात घालून त्याने काहीतरी खेचलं. झग्याखालून निथळती, दोरासारखी पिळलेली लांब चिंधी लोंबली. टाकी धुवायच्या भोकाचं बूच काढून तिचं एक टोक त्यात कोंबलेलं होतं, दुसरं भिंतीच्या सांध्यात. आता ते भोक उघडं पडलं आणि उरलंसुरलं पाणी भसाभस भिंतीवर आदळलं.

"बूच! अहो, बूच शोधा!" ती तळहाताने भोक दाबत ओरडली. निम्मे लोक हात जोडून उभे. गवंडी धावत आला, पण तोवर टाकी रिकामी होऊन पाणी आपोआप थांबलं होतं. बुचाची गरजच उरली नव्हती.

भिंत गळत्या चिखलासारखी घसरू लागली. गवंड्याची बायको आत पळाली. चिमणीला उचलून उंबऱ्याबाहेर आली, तेवढ्यात तुळई पाळण्यावर कोसळली. गवंडी चिखलात मटकन बसला. त्या धांदलीत बाबा निसटला. टोपली मात्र न्यायला विसरला नाही.

"सुनेनेच नख लावलं!" गर्दीतून आवाज आला. सासूबाई पडक्या भिंतीचा चिखल उचलून त्या गुडघ्याला चोळत बसल्या.

आता चार घरं टँकरच्या रांगेत उभी असतात. गवंड्याची बायकोही असते, कडेवर चिमणी, कपाळावर पट्टी. पुढची बाई मागे न बघता म्हणते, "बाबा असते तर ही वेळ आली नसती." आणि चार जणी माना डोलावतात.

वाचणाऱ्यांनो, तुम्ही तरी त्या रांगेत मान डोलावू नका. पाणी छपरावरून पन्हळीत येतं, पन्हळीतून टाकीत येतं आणि कुणीतरी बूच काढलं की जातं. यापलीकडे त्याची करामत नाही. कोरडी भिंत ओली दिसली तर हात जोडू नका, आधी टाकीचं झाकण उघडा. भिंतीपलीकडे कुणाचं तरी मूल निजलेलं असतं.