यादीतले झुंबर

मित्रांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, म्हणजे पुढे घोटाळा नको. मी झुंबर नाही. दिवाणखान्यात टांगायची शोभेची वस्तू नाही, आणि उलटे पेले अडकवायची मांडणी तर मुळीच नाही. मी एक जुनी माटोळी आहे. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात लाटंबार्से गावी एका कौलारू घरात मी सत्तेचाळीस वर्षे काढली. आजही त्याच घरात, त्याच खोलीत आहे. तरीही माझ्या अंगाचा तिळपापड होतो आहे. का, ते ऐका.

माटोळी म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर छताला टांगायची लाकडी चौकट. आडव्या-उभ्या पट्ट्या, चार कोपऱ्यांना चार दोर. तिला नारळाची पेंड, म्हणजे घोस, सुपारीचा घड, चिबूड, तोरिंगे, आंबाडे आणि रानातली कांगणे, कवंडळे, घागऱ्या असे काय काय बांधतात. त्या महिन्यात शेतात आणि रानात जे पिकले ते आधी देवाच्या डोक्यावर. तुमच्यापैकी ज्यांनी नुसते थर्माकोलचे मखर नि विजेच्या माळा पाहिल्या, त्यांना हे सांगावे लागते, म्हणून सांगितले.

मला गुरुदास मेस्ताने घडवले. मेस्त म्हणजे आमच्याकडचा सुतार. घरामागचा फणस वादळात आडवा झाला, तेव्हा घरधनी यशवंत यांनी त्याची चांगली लाकडे निवडून मेस्ताला दिली. मेस्ताने एकही खिळा वापरला नाही, सगळीकडे लाकडी खुंट्या. "भार घेवची वस्तू ही," तो म्हणाला. "खिळो गंजता, खुंटी गंजना." सत्तेचाळीस वर्षांत माझा एक सांधा हलला नाही. याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

यशवंत यांना तीन मुलगे. थोरला दत्ताराम, मधला सगुण, तिसरा धाकटा. मला बांधायचे काम पहिल्या वर्षापासून दत्तारामचे. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. पुढे तो खाणीवरच्या ट्रकवर ड्रायव्हर झाला, खाणी बंद पडल्यावर दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्या, पण चतुर्थीच्या आदल्या दिवशी तो कुठेही असला तरी घरी यायचाच. आधी रानात जाऊन केवणीची साल काढून आणायची, ती भिजवून तिचे दोर वळायचे. सुतळी चालायची नाही, प्लास्टिकची दोरी तर त्याने घराच्या आतही येऊ दिली नाही. जड पेंडी चार कोपऱ्यांच्या दोरांजवळ, हलकी फळे मध्ये, असा त्याचा हिशेब. बांधून झाले की खाली उतरून डोके मागे टाकून माझ्याकडे बघायचा आणि बायकोला हाक मारायचा, "चंद्रावती, बघ गे जरा." ती पदराला हात पुसत यायची, बघायची, आणि एखादे कवंडळ वाकडे आहे म्हणून त्याला पुन्हा वर चढवायची.

पाच दिवस तीन भावांची माणसे माझ्याखाली जेवायची. मग गणपती पोचवला की मला उतरवून, पुसून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवायचे. अकरा महिने अंधारात, उंदरांच्या सोबतीने. तुम्ही म्हणाल, अरेरे, केवढी आबाळ! आबाळ कसली? शेतकऱ्याचा नांगर वर्षभर थोडाच चालतो? मला माहीत असायचे की कुणीतरी मला न्यायला येणार आहे.

मग घर विकायचे ठरले. यात मी कुणाला बोल लावत नाही. सगुण म्हापशाला राहायला गेला होता, धाकटा वास्कोला. दत्तारामच्या मुलाला, साईशला, नोकरीच्या जवळ साखळीला फ्लॅट हवा होता. तिघा भावांचे एकमत झाले. मधल्या खोलीत बसून दत्तारामने एकच अट घातली, आणि ती मी माळ्यावरून स्वच्छ ऐकली.

"घर दिया. पण माटोळी माझ्याबरोबर साखळेक येतली. गणपतीय थंयच येतलो."

सगुण म्हणाला, "बरा. माटोळी आसा थंय गणपती. आमी तिगय तुज्याकडे येतलो."

ऐकलेत ना, मित्रांनो? घर गेले तरी गणपती एकच राहणार होता आणि तिन्ही घरे एका पंगतीला बसणार होती. ते सगळे माझ्यावर टांगलेले होते. नारळाच्या पेंडीहून जड असे काही मी पहिल्यांदाच पेलत होते.

श्रावणात सेजल आली. घर विकण्याआधी ते सजवून दाखवायचा तिचा धंदा. साईशने तिला बोलावले. तिने घरात पाऊल टाकले आणि पहिले वाक्य बोलली, "काका, घरात तुमी रवतात अशें दिसूक नाका."

काय म्हणावे या बोलण्याला! ज्या घरात माणसे राहतात ते राहते दिसू नये? पण तसेच झाले. भिंतीवरचे यशवंतांचे चित्र उतरवले. कॅलेंडर गेले, प्लास्टिकच्या खुर्च्या गोठ्यात गेल्या, चंद्रावतीचे सुके बांगडे शेजाऱ्यांकडे गेले आणि स्वयंपाकघरात गवती चहाच्या तेलाचा वास फवारला. देवघरावर पांढरा पडदा ओढला. तुळशीच्या पुढचा दिवा उचलून तिथे लव्हेंडरची मेणबत्ती लावली. बाहेरच्या भिंतीला पिवळा रंग, कडेने निळा पट्टा, आणि दारात मातीचा रंगीत कोंबडा. जाहिरातीत लिहिले, 'पोर्तुगीज वळणाचे घर'. आमच्या घरात पोर्तुगीज म्हणून जर काही असेल तर ते चार शब्द होते. खिडकीला जनेल, खुर्चीला कदेल, टेबलाला मेज आणि पेल्याला कोप. बाकी घर दत्तारामच्या आजोबांनी चिरे वाहून बांधलेले.

मग ती माळ्यावर चढली आणि तिला मी सापडले. पोते सोडले, माझ्यावरून हात फिरवला. तिला मी कोण ते कळले नाही, असे समजू नका. ती हरमलची पोर. तिच्या घरी दरवर्षी माटोळी बांधतात. एखाद्या दिल्लीवाल्याला माहीत नसले तर मी समजू शकते, पण हिला माहीत होते. तरी तिने मला खाली आणले, गणपतीच्या जागेवरच्या माझ्याच कड्यांना टांगले, खाली मेज सरकवले आणि माझ्या पट्ट्यांना वाइनचे चोवीस पेले उलटे अडकवले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला पाय नाहीत, मस्तक नाही, तरीही गेली.

संध्याकाळी दत्ताराम घरी आला. वर पाहिले आणि जागीच थांबला.

"हे कोप कोणे टांगले?"

"काका, फोटोखातीर," सेजल म्हणाली. "लोकांक आवडता."

"लोकांक म्हायत ना. तुका म्हायत आसा न्हय?"

दुसऱ्या दिवशी दिल्लीचे नवराबायको घर बघायला येणार होते. दत्ताराम म्हणाला, "येवंदी. ही कित्याक असता ती तेंका दाखयतंय. एकदा बघल्यार हात लावचे नात."

आणि इथेच माझा माणूस चुकला. रागावून का होईना, मला हे सांगायलाच हवे. पहाटे उठून तो रानात गेला. केवण आणली, फळे आणली, सुपारीच्या झाडावर शेजाऱ्याला चढवले. चतुर्थीला अजून बारा दिवस होते, तरी त्याने चोवीस पेले उतरवून मला बांधले. कधी बांधले नव्हते इतके सुरेख बांधले. त्याला वाटले, देवाची वस्तू म्हणून एकदा ओळखली की कोण मागेल? साधा माणूस. चांगली वस्तू बघितली की लोक नमस्कार करतात, एवढेच त्याला ठाऊक.

ती दोघे आली. माझ्याखाली उभी राहिली. दत्तारामने मोडक्या हिंदीत एकेका फळाचे नाव सांगितले. बाईच्या डोळ्यांत पाणी आले, खोटे कशाला बोलू? मग दत्ताराम खूश होऊन त्यांच्यासाठी शहाळी सोलायला मागल्या दारी गेला. तो तिकडे कोयता चालवत असताना इकडे बाई साईशला म्हणाली, हे असेच हवे. हे घरातच राहिले पाहिजे, नाहीतर आम्हाला घर नको.

साईशने एकदा मागल्या दाराकडे पाहिले, मग सेजलकडे, आणि मान हलवली. तेवढ्यात दत्ताराम दोन हातांत दोन शहाळी घेऊन आला. सगळ्यांनी हसून प्यायली.

शेवटची चतुर्थी त्या घरात झाली. तिसऱ्या दिवशी जेवणे झाल्यावर साईशने कागद काढले. घराबरोबर कायकाय जाणार त्याची इंग्रजी यादी होती. दत्ताराम चष्मा लावून गणपतीच्या पुढ्यात बसला. मी त्याच्या डोक्यावर होते, फळांनी भरलेली.

"वाच," तो म्हणाला. "सगळी वाच. माटोळी तेच्यात नाका."

साईश वाचू लागला. पंखे सहा. लोखंडी कपाट एक. पंप एक. आणि मग, "लाकडी झुंबर, एक."

"झुंबर? तो सेजलान आणलेलो?"

"हय," साईश म्हणाला.

एक अक्षरही धड नाही, नुसता हुंकार. गणपती समोर, मी डोक्यावर, बाप चष्म्यातून त्याच्या तोंडाकडे बघतो आहे, आणि पोरगा म्हणतो, हय. त्या क्षणी माझी एक खुंटी तरी सुटावी आणि नारळाची पेंड त्या कागदांवर आदळावी असे मला वाटले. पण मेस्ताने खुंट्या घट्ट ठोकल्या होत्या. दत्तारामने सही केली.

दिवाळीनंतर टेंपो आला. सामान भरून झाल्यावर दत्ताराम पोते घेऊन माळ्यावर चढू लागला, तेव्हा साईशने शिडी धरली आणि खाली बघत सांगितले, "बाबा, ती यादीत आसा."

दत्तारामला समजायला थोडा वेळ लागला. तो ओरडला नाही. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर तसाच उभा राहून त्याने विचारले, "तू माका झुंबर म्हणान वाचून दाखयलंय?"

"नवी करून घेवया, बाबा. बाजारात तयार मेळता."

"माका तू कित्या वाचून दाखयलंय, ता विचारतंय."

दत्ताराम उतरला, पोत्याची घडी घातली आणि टेंपोत जाऊन बसला. चंद्रावतीने मात्र मुलाच्या अंगावरची नजर काढली नाही. "देवाम्होरच फटी मारलंय रे, खोटा बोललंय," एवढेच म्हणाली आणि गेली.

त्यानंतर माझे काय झाले ते सांगते. घराला आता व्हिला म्हणतात. पर्यटक येऊन राहतात. मी गणपतीच्या जागेवर बारमाही टांगलेली असते, पेले पुन्हा आले आहेत, मधोमध पिवळे दिवे आहेत. शिवदास नावाचा देखभाल करणारा माणूस दर सोमवारी मला मऊ फडक्याने पुसतो, दर तीन महिन्यांनी पॉलिश चढते. धूळ नाही, वाळवी नाही, उंदीर नाही. इतकी काळजी माझी कुणी कधी घेतली नव्हती, आणि इतका संताप मला कधी आला नव्हता.

वर्ष झाले. यंदा चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी दत्ताराम फाटकाशी आला. हातात पिशवी, पिशवीतून केवणीचे दोर डोकावत होते. शिवदासने त्याला आत घेतले. सेजलही होती, पाहुण्यांसाठी सजावट करायला आलेली.

"पाच दिसांखातीर दिया," दत्ताराम म्हणाला. "सहाव्या दिसा माझ्या हातान आणून टांगतंय. सगुण म्हणता, माटोळीच ना तर तुज्याकडे कित्याक येवचा? तो म्हापशात वेगळो गणपती हाडता. धाकटोय वास्कोत हाडता."

सेजलने दिल्लीला फोन लावला. बराच वेळ बोलली. मग फोन कानाशी तसाच धरून म्हणाली, "काका, भायर न्हेवक दिना म्हणता. पण तुमी हंयच बांदा म्हणता. पावणे बघतले, फोटो काडतले. तुमकां गाडी धाडतले."

"आणि गणपती?"

"गणपती नाका. पावण्यांक मासे-मटण लागता. फकत माटोळी."

दत्तारामने वर माझ्याकडे पाहिले. मी आतून ओरडत होते, बांधू नकोस, बांधू नकोस.

"हरमलाक तुमच्या घरात कोण बांदता?" त्याने विचारले.

"पप्पा."

"गणपती नसताना बांदीत?"

सेजलने फोन बंद केला. तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण तिने मला कड्यांवरून काढले नाही, हेही लिहून ठेवा. दत्ताराम पिशवी घेऊन आला तसा निघून गेला. त्या दिवशी तीन भावांच्या तीन घरांत तीन तयाऱ्या चालल्या असतील, आणि सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीही कुणाची वाट बघत नसेल.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी हात जोडून सांगतात, आम्हाला जपा, आमची काळजी घ्या. मी तसे सांगणार नाही. मला जपणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या पॉलिशचा मला वीट आला आहे. घर विकायचे असेल तर खुशाल विका. रंग लावा, कोंबडे मांडा. लाकूड गेले तर दुसरे मिळेल. पण तुमचा बाप चष्मा लावून समोर बसेल आणि 'वाच' म्हणेल, तेव्हा जे खरे असेल तेच वाचा.