तक्रार पेटीचा फिशपॉन्ड

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. माझ्या डोक्यावर चिठ्ठी टाकायला एक फट आहे, कडीला कुलूप आहे आणि त्या कुलपाची किल्ली माझ्या हातात कधीच नव्हती. एवढं आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना सगळा दोष तुम्ही माझ्यावर ढकलणार नाही. थोडा मात्र माझाही आहे.

भवानीनगरच्या जयवंता सुताराने मला घडवलं. खुर्च्या करून उरलेल्या सागवानातून. रंधा मारताना तो म्हणाला, "पोरांच्या मनातलं हितं पडणार हाय, फट गुळगुळीत पायजे." ते ऐकून मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. मग बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात, ऑफिसबाहेरच्या भिंतीवर मला टांगलं आणि माझ्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं, 'सूचना व तक्रार पेटी'.

पहिल्या वर्षी माझं केवढं कौतुक झालं! दर शनिवारी कुलूप निघायचं. मुलींच्या खोलीला कडी नाही, कबड्डीच्या संघाला बूट नाहीत, अशा चिठ्ठ्या निघायच्या, आणि कडी खरोखर बसली. दुसऱ्या वर्षापासून शनिवार चुकू लागले. मग किल्ली रमाकांत सरांच्या खणात गेली ती गेलीच. हे सर नाटक, वादविवाद, सहल, श्रमदान शिबिर असं सगळंच बघायचे, त्यामुळे कशाकडेच धड बघायचे नाहीत.

वर्षातून एकदा मात्र मला मान मिळायचा. स्नेहसंमेलनाच्या आधी आठ दिवस माझ्या तोंडावर 'फिशपॉन्ड' असा कागद चिकटवून मला व्हरांड्यात ठेवायचे. कुणाचंही नाव लिहून त्याच्या टिंगलीची ओळ आत टाकायची, खाली आपलं नाव घालायचं नाही. संमेलनात ती माइकवर वाचली जाते आणि ज्याच्यावर ती असेल त्याने स्टेजवर येऊन भेट घ्यायची. भेट म्हणजे गाजर, चोखणी, खुळखुळा. कुणाच्या दातांवर, कुणाच्या रंगावर, कुणाच्या ढेरीवर लिहिलेलं असायचं. मला ते आठ दिवस आवडायचे. पोट भरलेलं असायचं ना! कशाने भरलंय, याचा विचार मी कधी केला नाही.

यंदा अकरावीला कन्हेरीची वृषाली आली. एकांकिकेत तिला वकीलबाईचं काम मिळालं. तालमी माझ्या शेजारच्या हॉलमध्ये चालायच्या, म्हणून मला तिचं प्रत्येक वाक्य ऐकू यायचं. सगळ्यांच्या आधी तिचं पाठ झालं होतं. पण एकांकिका बसवणारा विराज बारावीतला, बारामतीच्या एका डॉक्टरांचा मुलगा आणि विद्यार्थी मंडळाचा सचिव. एका दुपारी तो म्हणाला, "वकील अशी बोलते का कधी? 'न्हाय' म्हणे! कोर्ट आहे, बाजार नाही." आणि ते काम त्याने दीप्तीला दिलं.

वृषालीने भांडण केलं नाही. ती माझ्यासमोर आली, माझ्यावरची अक्षरं दोनदा वाचली आणि चार घड्या घातलेली एक चिठ्ठी आत टाकली. नंतर पंधरा दिवस ती रोज सकाळी येऊन माझं कुलूप बघून जायची. आज उघडलं असेल, उद्या उघडेल. मला तिची दया यायची.

मग संमेलन आलं. शिपाई दादासोंनी माझ्यावर कागद चिकटवला आणि मला उचलून व्हरांड्यात नेलं. आधी रिकामी करावी, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. या पेटीत तक्रार असते, हेच सगळे विसरले होते.

वृषाली धावत आली. "मामा, ह्यात माजी चिठ्ठी हाय. तेवढी काढून द्या."

"किल्ली सरांकडं हाय, पोरी."

सर परीक्षेच्या कागदांत बुडालेले. मान वर न करता म्हणाले, "फिशपॉन्डचं विराज बघतोय. त्याला सांग."

आता ज्याच्याबद्दल लिहिलं, त्यालाच सांगायचं! तरी ती गेली. दुसरं दारच नव्हतं. म्हणाली, "माजी एक चिठ्ठी चुकून पडलीया. न वाचता परत दे."

"अगं, एवढंच ना? काढून ठेवतो," विराज गोड हसला.

सरांकडून किल्ली आणून त्याने कुलूप उघडलं, तेव्हा सगळ्यात खाली तीच होती. ती त्याने दोनदा वाचली आणि घडी घालून खिशात टाकली.

संमेलनाच्या दुपारी मला सजवून स्टेजवर ठेवलं होतं. पालक मागच्या रांगांत बसले होते. त्यांत वृषालीचे वडील, आप्पासाहेब, नवा पांढरा सदरा घालून बसले होते. फिशपॉन्ड झाले की एकांकिका होती आणि मुलगी वकील होणार, एवढंच त्यांना माहीत होतं. काम गेल्याचं सांगायला तिची जीभ रेटली नव्हती.

विराजने माझ्यात हात घातल्यासारखं केलं आणि चिठ्ठी स्वतःच्या खिशातून काढली. "कुमारी वृषाली!"

लेकीचं नाव ऐकून आप्पासाहेब उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, बक्षीस मिळालं.

विराज वाचू लागला. तिने शुद्ध, नेटकं लिहिलं होतं. ते त्याने मुद्दाम खेडवळ करून, हेल काढून वाचलं. "सर, माजं कुटं चुकतं ते सांगा, मी सुदारीन. पर काम काढू नगा. माज्या आप्पांनी नाटक बगायला नवा सदरा शिवलाय. त्येनला मी काय सांगू?"

मंडप हसून लोटपोट झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "हा बघा सदरा!" सगळ्या माना वळल्या. आप्पासाहेब तसेच उभे होते. टाळी वाजवायला जोडलेले हात त्यांना खाली घेता येईनात.

रमाकांत सरही आधी हसले. चिठ्ठी आपल्यालाच लिहिलेली आहे हे कळल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "थांबव" एवढा एक शब्द पुरला असता.

"वकीलबाई, हाजिर हो!" विराजने पुकारलं. वृषाली स्टेजवर आली, कारण न येणाऱ्याच्या नावाने शिट्ट्या मारतात. त्याने तिच्या हातात कागदात गुंडाळलेली भेट दिली. पहिलीच्या मुलांची अंकलिपी होती ती. आधीच आणून ठेवलेली. नंतर सर विराजला म्हणाले, "जरा जास्त झालं हं," आणि लगेच, "पाहुण्यांचा चहा आला का?"

दोन दिवसांनी मी परत भिंतीवर होते. आप्पासाहेब मुलीला घेऊन दाखला न्यायला आले. या वेळी अंगात जुनाच सदरा होता. सर बाहेर येऊन म्हणाले, "अहो, कॉलेज सोडण्याएवढं काय झालं? काही तक्रार असेल तर रीतसर लेखी द्या. ही पेटी त्यासाठीच आहे."

"लिही की, बाळ," आप्पासाहेब म्हणाले. "तुजं अक्षर चांगलं हाय."

वृषालीने माझ्या फटीकडे पाहिलं. "मला लिवता येत न्हाय, आप्पा."

सरांनी दाखल्यावर स्वतःच कारण लिहिलं : घरगुती अडचण.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे तेलपाणी मागतात, जरा निगा राखा म्हणतात. मला रंग नको आणि तेलही नको. मला उघडत जा, दर शनिवारी, आणि आत असेल ते एकट्याने, मनातल्या मनात वाचा. तेवढं जमणार नसेल, तर माझ्या फटीवर एक पट्टी ठोकून ती बुजवून टाका. म्हणजे निदान कुणी मुलगी रोज सकाळी येऊन माझं कुलूप बघणार नाही.