मी दाखवलेला डावा हात

मित्रांनो, साकोलीच्या एका कॉलेजात दुसऱ्या मजल्यावर सात नंबरची खोली आहे. तिथल्या लोखंडी कपाटावर अंगावर चरा घेऊन बसलेला जुना प्रोजेक्टर म्हणजे मी. माझ्या पोटात आता दिवा नाही. तरी माझी गोष्ट मीच सांगणार आहे, कारण दुसऱ्या कोणी सांगितली तर माझी चूक झाकून सांगेल, आणि मला ते नको आहे.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे एका बाईने माझा उजेड पांढऱ्या भिंतीवर पाडला आणि चारही कोपरे पट्टीने मोजले. इतकी कसून तपासणी पुन्हा माझ्या नशिबी आली नाही.

साकोलीला आलो तेव्हा मात्र माझा थाट होता. मला झेंडूचा हार घातला, माझ्यासमोर नारळ फोडला. त्याचे पाणी माझ्या बटणांवर उडाले तेवढे सोडले तर तो दिवस छान होता. पुढची कितीतरी वर्षे बेडकाचे पोट, जगाचे नकाशे आणि पाहुण्यांच्या सत्काराचे फोटो दाखवण्यात गेली. कोणी कधी म्हणाले नाही की छान दाखवलेस. मला राग येत असे. राग आला की माझा पंखा जोरात फिरतो. लोकांना वाटते, मशीन तापली.

मग प्रविण सर आले. ते मराठी शिकवायचे, पण सिनेमावर त्यांचा भारी जीव. त्यांनी कॉलेजात चित्रपट कसा पाहावा, याचा एक वर्ग सुरू केला. पहिल्याच दिवशी पोरे हसली.

"सर, सिनेमा पाहाले शिका लागते का?" अंकुर नावाच्या मुलाने विचारले.

"तुम्ही गोष्ट पाहता रे," सर म्हणाले. "चित्र कोन पाहाते? कॅमेरा कुठं ठेवला, उजेड कुठून आला, कोनता आवाज आला आणि कोनता मुद्दाम येऊ दिला नाही, हे कोन पाहाते?"

त्या दिवसापासून माझे दिवस पालटले, मित्रांनो. एकेका चित्रावर मला थांबवून मुले अर्धा अर्धा तास भांडायची. माझ्या उजेडाकडे इतके टक लावून याआधी कोणी पाहिले नव्हते. मी सुखावलो होतो, हे कबूल करतो.

सरांच्या काही सवयी मात्र तुम्हाला सांगायलाच हव्यात, कारण पुढे त्यांनीच घात केला. लॅपटॉपवर सिनेमा सुरू होईपर्यंत ते माझ्या भिंगावर टोपण ठेवत. पडद्यावर बटणे, नावे, अक्षरे काही दिसू द्यायची नाहीत. टोपण निघाले की थेट दृश्य. सिनेमा कोणाला मोबाईलवर द्यायचा नाही, मोठ्या पडद्यावरच पाहायचा. स्वतः ते पडद्याकडे पाठ करून मुलांसमोर बसत आणि मुलांचे चेहरे पाहत. आणि दृश्याचा अर्थ ते कधी सांगत नसत. मुलांनी लिहिलेलेही आधी वाचत नसत. "मी वाचलं तर माझंच मत लिहान तुम्ही," असे म्हणत. सवयी वाईट नव्हत्या. पण त्या सगळ्या एकत्र आल्या आणि मोठी गडबड झाली.

वर्गात हर्षा नावाची मुलगी होती. लाखांदूरकडच्या एका गावातून एसटीने यायची. घरी धानाची शेती. ती बोलायची कमी आणि पाहायची जास्त. नागपूरच्या एका संस्थेत सिनेमाचा वर्षभराचा अभ्यासक्रम होता, राहण्याजेवणाची सोय तिथेच. आमच्या कॉलेजातून एकच जागा होती. एका सात मिनिटांच्या दृश्याचे विश्लेषण लिहायचे, परीक्षकांसमोर मांडायचे, आणि ज्याचे सरस त्याला जागा. हर्षाचे वडील पुंडलिकराव यांनी तिला एकदाच सांगितले होते, "नंबर लागला तं जाय. नाही लागला तं चुपचाप नर्सिंगचा फार्म भर. मंग मले काही म्हनू नको." फॉर्मची शेवटची तारीख परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी होती. हे हर्षा मैत्रिणीला सांगत होती तेव्हा मी ऐकले.

दिवाळी झाली. आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे एक दिवसाची जत्रा, भरते आणि मंडईला नाटक हवेच. सरांचे मित्र भय्याजी यांची नाटकमंडळी होती. त्यांना पडद्यावर जंगल दाखवायचे होते. सरांनी मला दोन दिवसांसाठी दिले. भय्याजींनी मला पडद्याच्या मागे ठेवले. मित्रांनो, मागून चित्र टाकायचे तर ते माझ्यात उलटे करावे लागते, डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे, म्हणजे समोरच्या लोकांना ते सुलटे दिसते. तेवढे एक बटण त्यांनी दाबले. नाटक रंगले, टाळ्या पडल्या, मला गोधडीत गुंडाळून परत आणले. बटण तसेच राहिले.

आता मी पुढून जे दाखवणार, ते सगळे आरशातल्यासारखे.

मला हे पहिल्याच दिवशी कळले. पण मला तोंड कुठे आहे?

परीक्षेचे दृश्य एका छोट्या सिनेमातले होते. थोरला भाऊ धाकट्याची शेती स्वतःच्या नावावर करून घेतो आणि दुपारी त्याच घरी जेवायला बसतो. धाकट्याची बायको भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, डोके आणि दोन्ही खांदे पदराने झाकून वाढते. धाकटा दाराशी उभा. सात मिनिटे कोणी बोलत नाही आणि थोरला एक घासही खात नाही. दृश्यात एक अक्षर नाही, पाटी नाही. माझा उलटेपणा पकडायला कोणाला काही सापडावे असे त्यात फारसे नव्हते.

हर्षाने दृश्य पाहिले आणि ती खुर्चीतून पुढे सरकली. पडद्यावर ती बाई डाव्या हाताने वाढत होती.

त्या दिवसापासून हर्षा रोज वर्ग सुटल्यावर थांबू लागली. "सर, अजून एकदा दाखवा न."

"काहून? पाच वेळा पाहिला तू."

"मले एक गोष्ट सापडली. आता नाही सांगत."

सर हसून टोपण काढायचे आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहत बसायचे. ती वहीत भराभर लिहायची. मला तिची अक्षरे दिसायची: आमच्याकडे कुत्र्याला भाकर टाकायची तरी उजव्या हाताने टाकतात. ही बाई भासऱ्याला डाव्या हाताने वाढते, म्हणजे तिने न बोलता नाते तोडले आहे. किती सुंदर विचार केला होता पोरीने! आणि तो सगळाच्या सगळा माझ्या चुकीवर उभा होता. मी पंखा जोरजोराने फिरवला, दिवा दोनदा फडफडवला. सर म्हणाले, "म्हातारा झाला हा." झाले! हर्षाने चार पाने सुवाच्य लिहून पाकिटात बंद केली आणि परीक्षेचा दिवस उजाडला.

नागपूरहून विजयमाला मॅडम आल्या. सहा मुले मांडणार होती. अंकुर पहिला उभा राहिला. त्याने आवाजांवर बोलायचे ठरवले होते, ताटाचा आवाज, कोंबडीचा आवाज, आणि तो खरोखर छान बोलला. आवाजाला डावे-उजवे नसते, त्यामुळे त्याचे निभावले. हर्षा सगळ्यांत शेवटी होती. तिच्या आधीच्या एकेका मुलागणिक माझी धडधड वाढत होती.

हर्षा उभी राहिली. घरी पाठ केलेल्या शुद्ध मराठीत ती बोलू लागली. "आमच्या भागात डाव्या हाताने वाढणे म्हणजे माणसाचा अपमान. या दृश्यात राग शब्दांत नाही, या हातात आहे."

मॅडमनी मान वर केली. "डाव्या?"

"हो मॅडम."

"मी हा सिनेमा काल लॅपटॉपवर पाहिला. ती उजव्या हाताने वाढते."

हर्षाचा चेहरा उतरला, पण ती मागे हटली नाही. "नाही मॅडम. मी अठरा वेळा पाहिला. तुम्ही पाहा न पडद्यावर."

सरांनी टोपण काढले. पडद्यावर डावा हात. मॅडम उठल्या आणि त्यांनी सरांचा लॅपटॉप मुलांकडे वळवला. तिथे उजवा हात. एकाच वेळी एकच बाई भिंतीवर डाव्या हाताने आणि लॅपटॉपवर उजव्या हाताने भात वाढत होती. सर पडद्याकडे पाहतच राहिले. त्या दृश्याकडे तोंड करून ते इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाहत होते.

"भय्याजी..." एवढेच त्यांच्या तोंडून निघाले. मग त्यांनी कपाळावर हात मारला आणि मंडईची हकिगत सांगितली. "मॅडम, चूक माझी आहे. आणून तपासला नाही मी. पोरीचं नुकसान नका करू."

मॅडमनी हर्षाला विचारले, "म्हणजे मशीनची चूक. तुझी काहीच नाही?"

हर्षाला नुसते हो म्हणता आले असते. कोणीही हो म्हटले असते. पण ती पडद्याकडे पाहत राहिली आणि मग तिची पाठ केलेली मराठी सुटली.

"मॅडम, त्या दोघा भावायच्या शर्टाचा खिसा उजव्या बाजूले दिसून राहिला होता. मी पाहिला होता. मले वाटलं, टेलर चुकला असन. खिसा डावीकडं असते हे मले काय मालूम नाही? पन मले माहा डावा हात सोडाचा नोहता. म्हनून खिश्याकडं मी पाहिलंच नाही."

मॅडमनी पाकीट बाजूला ठेवले. "या चार पानांना मी गुण देऊ शकत नाही. माझी गाडी चार वाजता निघते. आता दोन वाजले आहेत. हेच दृश्य पुन्हा पाहा आणि पुन्हा लिही. बाकीच्यांची हरकत असेल तर सांगा."

सगळ्यांनी अंकुरकडे पाहिले. जागा बहुतेक त्यालाच मिळणार होती. तो मान खाजवत म्हणाला, "मशीनच उलटी होती न मॅडम. लिहू द्या तिले."

सरांनी माझे बटण सुलटे केले. पण माझ्या अंगावरचा लाल ठिपका दसऱ्यापासून पेटलेला होता, दिवा संपत आला म्हणून. त्या दिवशी सहा मुलांसाठी मी सकाळपासून जळत होतो. नवा दिवा माझ्या जातीला मिळत नाही, हे सरांना ठाऊक होते. ते हर्षाच्या कानाशी म्हणाले, "किती वेळा चालन सांगता येत नाही. नीट पाह्य."

मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतका घाबरलो नव्हतो. माझ्यामुळे तिची चार पाने वाया गेली होती, आणि आता मीच मध्ये विझलो तर? लॅपटॉप होता, पण तिला तिथे ती भिंतीएवढी चित्रे थोडीच दिसणार होती!

पहिल्यांदा पाहताना हर्षा नुसता हात पाहत होती. उजवा, साधा, रीतीचा हात. तिने पेन उचललेच नाही. दुसऱ्यांदा पाहून तिने काही लिहिले आणि खोडले. तीन वाजून गेले. तिसऱ्यांदा चित्र पिवळे पडू लागले. तिच्या डोळ्यांत पाणी होते, ते पुसून ती म्हणाली, "सर, अजून एकदा."

चौथ्यांदा माझ्या आत काहीतरी कडकड करू लागले. बाईने पितळी गंजातून भात वाढला. वरण वाढले. भाजी ताटात जिथे असते तिथेच ठेवली. मी जीव एकवटून जळत होतो. तिने भाताच्या गंजावर झाकण ठेवले, आणि फट् असा आवाज होऊन मी विझलो.

खोलीत अंधार झाला. त्या अंधारात हर्षा ओरडली, "झाकन!"

तिने खिडकी उघडली आणि लिहायला बसली. चारला पाच मिनिटे असताना तिने दीड पान मॅडमच्या हातात दिले. मॅडम उभ्यानेच मोठ्याने वाचू लागल्या. त्यात लिहिले होते की ही बाई सगळे रीतीप्रमाणे करते, उजव्या हाताने, जिथल्या तिथे. पण आमच्या घरी पाहुणा जेवून उठेपर्यंत भाताचा गंज कोणी झाकत नाही, कारण अजून घ्या म्हणायचे असते. या बाईने पहिल्या घासाच्या आधीच झाकण ठेवले. तोवर कॅमेरा ताटाच्याच उंचीवर आहे. झाकण ठेवल्यावर तो पहिल्यांदा तिचा चेहरा दाखवतो. म्हणून थोरल्याचा हात ताटाला लागत नाही. खाली शेवटची ओळ होती: शर्टाचे खिसे डावीकडे आहेत, तपासले.

मॅडम ती शेवटची ओळ वाचून हसल्या. "आधीची पानं हुशार मुलीची होती," त्या म्हणाल्या. "हे पान पाहणाऱ्या मुलीचं आहे. जूनमध्ये ये."

हर्षाने तिथेच वडिलांना फोन लावला.

"बाबा, नंबर लागला."

पलीकडून पुंडलिकराव म्हणाले, ते खोलीत सगळ्यांना ऐकू आले, "तो डाव्या हाताचा पाठ करून राहिली होती घरी, त्याच्यावर?"

"नाही बाबा. तो हात उजवाच होता."

"मंग कसा काय लागला व?"

हर्षा हसत हसत रडायला लागली.

मित्रांनो, त्यानंतर मला या कपाटावर ठेवले. नवा प्रोजेक्टर आला आहे, चांगला आहे, जरा आगाऊ आहे. माझे तुम्हाला एवढेच सांगणे आहे. आमच्यासारख्या यंत्रांना खुशाल लोकांच्या उपयोगी पडू द्या, मंडईला न्या, नाटकाला न्या. पण परत आणल्यावर एखादे अक्षर भिंतीवर पाडून ते सरळ वाचता येते का, एवढे पाहा. आम्ही आतून जसे असू तसेच दाखवतो, आणि आमच्याकडे पाहून कोणीतरी आपल्या आयुष्याचा निर्णय घेत असते. त्या दिवशी भरल्या वर्गात हर्षाने माझ्याकडे बोट दाखवले असते, तर ते खरेच ठरले असते. तिने दाखवले नाही. म्हणून ही कबुली आज मी स्वतः देत आहे.