ग्लासावरची चकती

कोपऱ्यातल्या टेबलावर बिअरचा ग्लास होता, जेमतेम एक घोट कमी झालेला. एरवी ग्लासाखाली असते ती पुठ्ठ्याची चकती ग्लासावर होती आणि चकतीच्या मधोमध पेपरमिंटची एक पांढरी गोळी. नॉरिस ब्लेंकिन कोट काढता काढता तसाच थांबला. एक हात बाहीत, एक बाहेर.

"बस की राजा," बारमागून ग्लेंडा म्हणाली. "तुमचीच जागा आहे. जोडीदार बाहेर गेलाय वाटतं?"

"तू पाहिलंस त्याला?"

"छे, मी आत्ताच कामावर येतेय. ग्लास आधीपासूनच आहे. गोळी बघितली आणि म्हटलं, आले ग्रिम्सबीचे दोघं म्हातारे. वर्ष झालं की रे."

"हो," नॉरिस म्हणाला. "येईल तो."

त्याचा जोडीदार डेझमंड रेथबी मार्चमध्येच वारला होता. कुणाच्या तरी घरी जिन्यावर गालिचा बसवत होता, छातीत कळ आली आणि हातातली हातोडी खाली जाऊन पडली. आमचं निम्मं गाव त्याला पोचवायला गेलं होतं. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत नॉरिस पहिला होता.

आमच्याकडे ग्लासावर चकती ठेवली की तिचा अर्थ एकच: मी परत येतोय, हात लावू नका. कितीही गर्दी असो, तो ग्लास आणि ती खुर्ची कुणी हलवत नाही. गोळी मात्र डेझमंडची स्वतःची भर. तो सिगरेट ओढायला बाहेर गेला की नॉरिस त्याच्या ग्लासातला घोट चोरायचा, आणि नॉरिसला पेपरमिंटचा वाससुद्धा सोसत नाही. म्हणून हा पहारा.

ही मैत्री कशी जुळली ते सांगायला हवं. नॉरिस आयुष्यभर गाडीच्या परवान्याची परीक्षा घेत आला. अर्ध्या ग्रिम्सबीला त्याने नापास केलंय. मला दोनदा. गाडी कडेला घ्यायला लावायची, समोरच्या काचेतून सरळ पुढे बघायचं आणि म्हणायचं, "माफ करा, तुम्ही उत्तीर्ण झालेला नाहीत." त्यात ना राग, ना दया. तो आवाज आमच्याकडे लोकांना अजून स्वप्नात ऐकू येतो. असल्या माणसाबरोबर गावात कोण प्यायला बसणार? तो बारमध्ये शिरला की पाठी वळायच्या. डेझमंड तीनदा आपटला, चौथ्यांदा पास झाला आणि खाली उतरून म्हणाला, "चल, पाजतो तुला. पण इथे नको, इथे तुझ्या ग्लासात कुणीतरी थुंकेल." त्या दिवसापासून दोघं परगावी जाऊन प्यायला लागले. नोव्हेंबरचा पहिला शनिवार शेफील्डचा, हे तर ठरूनच गेलेलं. हाही तोच शनिवार होता.

नव्या शहरात चांगली बिअर कुठे मिळते हे शोधायची डेझमंडची एक रीत होती. फोनवरचे तारे बघायचे नाहीत. हॉटेलवाल्याला विचारायचं नाही. स्टेशनजवळ एक बरा बार गाठायचा, म्हणजे टीव्ही नसलेला आणि रिकाम्या होत जाणाऱ्या ग्लासाच्या कडेला फेसाची वळी राहतील इतपत ग्लास स्वच्छ धुणारा. तिथे एक प्यायची आणि उठताना ओतणाऱ्यालाच विचारायचं, "सुट्टीच्या दिवशी तू कुठे जातोस प्यायला?" तो सांगेल ती पुढची जागा. तिथे पुन्हा हेच. माणसं बदलत, म्हणून दरवर्षी वाटही बदले. डेझमंड नेहमी चार पावलं पुढे, त्याच्या मोहरीच्या रंगाच्या कोटात. नॉरिस मागून, वेगमर्यादा पाळत.

ग्लेंडाने ओतलेला अर्धा पाइंट नॉरिसने उभ्यानेच संपवला. चव कळली नाही. मार्चपासून कुणी विचारलं की तो म्हणायचा, डेझमंड कामात आहे. पेपरवाल्यालाही हेच सांगितलं होतं. पेपरवाला स्वतः मयतीला होता, पण बिचारा काही बोलला नाही. खोटं बोलणं नॉरिसला कधीच जमलेलं नाही, जमलं असतं तर मी पहिल्या खेपेलाच पास झालो असतो. पण 'डेझमंड गेला' एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून निघत नव्हतं.

"सुट्टीच्या दिवशी कुठे जातेस, ग्लेंडा?"

"सध्या आम्ही सगळे टिन लँटर्नमध्ये पडलेले असतो. कालव्यापलीकडे. आणि याचं काय?" तिने टेबलाकडे मान केली.

"राहू दे," नॉरिस म्हणाला. "चकती आहे ना."

टिन लँटर्नमध्ये खिडकीजवळ ग्लास होता. त्यावर चकती, चकतीवर गोळी.

नॉरिसने मला नंतर शपथेवर सांगितलं की त्याला भीती वाटली नाही. राग आला. आठ महिने पत्ता नाही, आणि आता आलास तर पुन्हा पुढेच? जरा थांबता येत नाही? तो बारवर गेला आणि दाढीवाल्या पोराला तोच प्रश्न विचारला.

पोरगा हसला. "तुम्ही दुसरे. आत्ताच मला हेच विचारून गेलेत, शब्दन् शब्द. चाकूवाल्यांच्या जुन्या कारखान्यातला बार सांगितला मी. तो बघा, कोट दिसतोय अजून."

काचेबाहेर, ओल्या विटांच्या गल्लीच्या टोकाला, मोहरीच्या रंगाचा कोट वळणावरून दिसेनासा होत होता.

नॉरिस पळाला. सत्तरी उलटलेला, जन्मात सिग्नल न मोडलेला माणूस लाल दिव्यात रस्ता ओलांडून पळाला. कुणीतरी हॉर्न दाबून शिवी घातली. त्याला एवढंच कळत होतं की या खेपेला गाठायचंच. गाठून काय बोलायचं हे ठरलं नव्हतं. एकदा तोंड बघायचं, बस.

जुन्या कारखान्याच्या दाराशी उबेने त्याचा चष्मा धुरकटला. आत कोट बसला होता, पाठमोरा. नॉरिसने खांद्यावर हात ठेवला.

"अरे," ॲव्हरिल रेथबी वळून म्हणाली. "केवढ्या धापा टाकतोयस. बस आधी."

डेझमंडच्या बायकोने कोटाच्या बाह्या दोनदा दुमडल्या होत्या. समोर बिअर होती, पिशवीतून काढलेली गोळी बोटांत होती. नॉरिस बसला. मिनिटभर त्याला तिच्याकडे बघवेना.

"मला वाटलं..."

"ठाऊक आहे काय वाटलं ते. मला रोज वाटतं. जिना वाजला की."

"तुला हे सगळं कसं माहीत? गोळी, विचारायची रीत?"

"रविवारी जेवताना दुसरं काय असायचं? कुठली आंबट निघाली, कुठे कुत्रं पायांवर झोपलं, तू कुठे घोट चोरलास. जन्मभर ऐकलंय मी. एकदा म्हटलं, मलाही ने की. म्हणाला, पुढच्या वर्षी." तिने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडू आहे रे. हे तुम्ही आवडीनं पिता?"

नॉरिसला आधी बोचलं. इतकी वर्षं ते शनिवार त्या दोघांचेच आहेत असं तो धरून चालला होता. मग बोचणं ओसरलं आणि उलट बरं वाटलं. म्हणजे सगळं ठाऊक असलेलं आणखी एक माणूस जगात होतं.

"आवडत नाही तर घेतेस कशाला?"

"त्याच्या नावानं. चकती ठेवली की उचलत नाहीत ना? म्हटलं, एक दिवस तरी त्याची जागा राहील." तिने चकती उचलली, पण ग्लासावर ठेवली नाही. "तू घरी आला नाहीस, नॉरिस. मार्चपासून एकदाही."

"येऊन काय बोललो असतो?"

"बोलायला कुणी सांगितलं होतं? नुसतं बसायचं."



दोघं स्टेशनकडे निघाले तेव्हा अंधारून आलं होतं. फुटबॉलची मॅच सुटली होती आणि ग्लेंडाच्या बारमध्ये मुंगीला शिरायला वाव नव्हता. काचेतून आत दिसलं. माणसं खांद्याला खांदा लावून उभी, ग्लास छातीशी धरलेले, आणि कोपऱ्यात एक रिकामी खुर्ची. ग्लास, चकती, गोळी. एक पांढऱ्या केसांचा माणूस काठीवर भार देऊन त्या टेबलाशेजारीच उभा होता. बसला नव्हता.

ॲव्हरिल काचेला हात लावून बघत राहिली. "राहिली जागा," ती म्हणाली.

नॉरिस दार लोटून आत गेला. मागोमाग ती.

"बरं झालं आलास, राजा," ग्लेंडा गर्दीतून ओरडली. "जोडीदार येतोय ना? लोक ताटकळलेत, पण मी कुणाला हात लावू दिला नाही."

नॉरिस टेबलाशी उभा राहिला. समोर भिंत होती, तिच्याकडे सरळ बघत तो त्याच्या त्या जुन्या आवाजात म्हणाला, "माफ कर, ग्लेंडा. तो येणार नाही. मार्चमध्ये गेला."

ग्लेंडाचा हात बिअरच्या पंपाच्या दांड्यावर तसाच राहिला. जवळच्या दोघातिघांनी ग्लास खाली केले.

नॉरिसने चकतीवरची गोळी उचलली आणि तोंडात टाकली. डोळ्यांत पाणी आलं, ते पेपरमिंटचं असेल. मग त्याने चकती काढली आणि ग्लास उचलला. दिवसभर उभी राहिलेली, कोमट, फेस बसलेली बिअर, तीही पेपरमिंटवर. तिची चव कशी असेल ते विचारू नका. त्याने ॲव्हरिलला एक घोट दिला आणि उरलेली शेवटपर्यंत प्याला.

"बसा तुम्ही," तो काठीवाल्याला म्हणाला.

जाताना त्याने चकती टेबलावर नीट ठेवली आणि रिकामा ग्लास तिच्यावर.