डाव्या हाताची केंकी

आमच्या ताकोरादी गावच्या अख्ख्या मार्केटला आई सांगायची, "माझी अराबा बंदरावर जकात ऑफिसात आहे." होते मी, खोटं नाही. पण दीड वर्षापूर्वी ती नोकरी सोडून मी घरी बसून गेम बनवायला लागले, आणि ही बातमी आईने जी गिळली ती गिळलीच. तिच्या ठेल्याशेजारच्या टोमॅटोवाल्या मन्सामावशीलाही तिने कळू दिलं नव्हतं, आणि मन्सामावशीला तर कोंबडीने अंडं घालायच्या आधी कळतं.

माझं हे वेड काही आजचं नाही. लहानपणी आमच्या गल्लीत गेमचं दुकान होतं. तिथे मी पोरांना एकेक करून हरवायचे, पोरं रडत घरी जायची आणि आई पळी घेऊन मला न्यायला यायची. कान आईच्या मुठीत आणि बोटं अजून हवेत बटणं दाबतायत, अशी माझी वरात अर्ध्या गावाने पाहिली आहे. पुढे मी याच धंद्यात पडले याचं नवल फक्त आईलाच वाटलं.

गेममध्ये मी केंकी विकणारी बाई घेतली. मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे, पानात बांधलेले ते गरम गोळे, सोबत तळलेला मासा आणि झणझणीत मिरची. गिऱ्हाइकं दोन्ही बाजूंनी येतात, ज्याला जे हवं ते चटकन द्यायचं, नाहीतर बोंबलतात. बाईच्या डोक्याला पिवळा रुमाल, पुढच्या दातांत फट. म्हणजे मार्केटात केंकी विकणारी माझी आईच. ती खेळेल, खूश होईल आणि चार माणसांत एकदा तरी म्हणेल, "माझी लेक गेम बनवते," एवढीच माझी आस होती. त्यापुढे गेम विकला गेला नसता तरी चाललं असतं.

शनिवारी दुपारी मी टॅब घेऊन तिच्या ठेल्यावर गेले.

"ही कोण?" हात पुसत तिने विचारलं.

"तू."

"इतकी जाडी नाहीये मी," ती म्हणाली, पण हसत होती. खेळायला लागली. उजवीकडच्या गिऱ्हाइकाला केंकी दिली. डावीकडच्याला दिली. आणि हसू एकदम मावळलं.

"अराबा! मी याला डाव्या हाताने दिली?"

उजवीकडे बघणारी आई मी जीव लावून काढली होती, पण डावीकडे बघणारी काढायचा कंटाळा केला. चित्र आरशात धरल्यासारखं उलटवलं की काम भागतं, आमच्या धंद्यात सगळेच असं करतात. आरशात उजवा हात डावा होतो, हे या शहाणीच्या डोक्यातच आलं नाही. आणि आमच्याकडे कुणाला डाव्या हाताने काही देणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. याच चुकीसाठी लहानपणी मी किती फटके खाल्लेत!

"आई, ते चित्र नुसतं उलटं..."

"एकतीस वर्षं! एकतीस वर्षं या जागेवर बसलेय. वेड्यालासुद्धा कधी डाव्या हाताने पाणी दिलं नाही मी!"

"काय झालं गं, एकुआ?" मन्सामावशीने मान लांब केली.

"काय व्हायचंय? माझ्या लेकीने गेम बनवलाय आणि त्यात मला डाव्या हाताने विकायला लावलंय!"

"लेकीने? ती तर बंदरावर आहे ना?"

आईने जीभ चावली. पण सुटलेला शब्द काही परत तोंडात जात नाही.

"नाही बंदरावर," आई कडाडली. "गेम बनवते! दीड वर्ष झालं, रोज तेच. आणि बनवला तोही असा!"

जे वाक्य ऐकायला मी आसुसले होते ते आलं एकदाचं, पण शेपटीला फटाके बांधून. हसावं की रडावं कळेना.

मग काय, मार्केटच लोटलं. प्रत्येकीने खेळून पाहिलं आणि प्रत्येकीने खोड काढली. "हा मेला 'कशी आहेस' न विचारताच मासा मागतो! हाकल त्याला," मन्सामावशी म्हणाली. हे मात्र मी लगेच लिहून घेतलं, कारण बाई बरोबर होती. आईने टॅब माझ्या हातात कोंबला. "ने हे. हात सुधारल्याशिवाय तोंड दाखवू नकोस."

दुसऱ्या दिवशी चर्चहून आल्यावर मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नव्याने चित्रं काढायला बसले. एकशे चाळीस. आई मागून डोकावली, "मनगट चुकलंय" म्हणाली, आणि चर्चच्या कपड्यांतच माझ्यासमोर डावीकडे वळून उजवा हात पुढे करून उभी राहिली. मी काढत राहिले. कितीतरी चित्रं झाली तरी तिने हात खाली घेतला नाही.

तेवढ्यात दारातून मन्सामावशीची हाक आली, "एकुआ, येतेस का जरा?"

"आत्ता नाही जमायचं," आई जागची न हलता ओरडली. "लेकीच्या ऑफिसात आहे मी!"