दोन हात नळी

“तो राक्षस माझ्या विहिरीवर परत नको, अण्णा. राहाटाचं चाक तेवढं द्या, मी निघते.”

वसुमतीअक्का माझ्याकडे बोट दाखवून बोलली. शहरात, कलासीपाळ्यातल्या गॅरेजात, चार माणसांसमोर. तिचा भाऊ रघुपतीअण्णा म्हणाला, स्वल्प ऐकून तर घे. पण ऐकेल ती अक्का कसली.

मित्रांनो, तो राक्षस म्हणजे मी, डिझेलचा जुना पंप. राग आला की धूर काढतो, पण खोटं बोलत नाही.

अण्णांनी मला इथंच जोडलं, हिरवा रंग दिला आणि अठ्ठावन्न साली बहिणीकडे कारवारला धाडलं. समुद्राकाठी तिची नारळाची बाग. पहिल्या दिवशी हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. वाटलं, आता आपलंच राज्य. पण शेजारच्या ठकुबाईच्या विहिरीवर एक राहाट होता. म्हातारा, कुरकुऱ्या. तो दिवसभर उपसायचा तेवढं पाणी मी चहाला उकळी येईपर्यंत काढायचो. तरी गाव नावाजायचं त्यालाच. म्हणे, डाळ त्याच्याच पाण्यात मऊ शिजते. माझा नुसता जळफळाट.

अक्काचाही. ठकुबाईच्या माडांना जास्त नारळ लागायचे, ते तिला बघवत नव्हतं. मग आम्ही दोघांनी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पाणी ओढलं. विहीर खाली गेली, तर अक्कानं माझ्या नळीला दोन हात जोड दिला. मी खूश.

तिथल्या वाळूत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, दुधावर साय असते तसं. साय हळू काढायची असते. मी ती ओरपली आणि खालून समुद्र वर आला. आधी डाळ टणक राहिली, मग साबणाला फेस येईना, मग माडांची पानं टोकाकडून करपली. पुढच्या उन्हाळ्यात ठकुबाईचंही पाणी मचूळ झालं. ती भांडली नाही. रिकामी घागर आमच्या दारात पालथी ठेवून गेली.

मला नळीसकट लॉरीत घालून परत पाठवलं. पाच वर्षं इथं कोपऱ्यात गंजलो. तिकडे दोघींनी मिळून ओढ्याला बांध घातला. भरतीचं पाणी बाहेर अडलं, पावसाचं आत मुरलं आणि विहिरी हळूहळू गोड झाल्या. ठकुबाईचा राहाट मात्र झिजून मोडला, म्हणून अक्का चाक न्यायला आलीय. मोडल्याचं ऐकून मला बरं वाटलं. लपवू कशाला?

“तुझी बाग हातानं शिंपून जगणार आहे का?” अण्णांनी विचारलं. “आणि तेव्हा नळी कुणी वाढवली, वसू?”

अक्कानं कोपऱ्यातून माझी नळी ओढून बाहेर काढली.

“सरी, ठीक आहे,” ती म्हणाली. “तीच दोन हात कापा. माझ्यासमोर. पाणी खाली गेलं की याच्या तोंडात वाराच गेला पाहिजे.”

करवत फिरली. दुखलं, पण परत जायचं होतं, म्हणून गप्प बसलो.

आता लॉरीत ते चाक माझ्याच शेजारी आहे. नवंकोरं, तेल लावलेलं. अक्कानं त्याच्यावर गोणपाट पांघरलं, मी तसाच उघडा. हे मी विसरणार नाही.

मित्रांनो, विहिरीचा तळ दिसायला लागला की नळी वाढवू नका, थांबा. लॉरीवाला दोर आवळतोय. मला निघायला हवं.